कौलांवरचा वाऱ्याचा पाइप

शहाडच्या आमच्या बैठ्या चाळीत घरात संडास बांधणारे आम्ही पहिले नव्हतो, पण बांधून पस्तावणारे मात्र पहिलेच. बांधला होता आईसाठी. बाबा गेल्यापासून ती गावी एकटी, गुडघे पार गेलेले, आणि तिथला संडास परसाच्या टोकाला. मी एकुलती एक. तिला कायमची इकडे आणायची हा माझा हट्ट, आणि जावयाच्या घरी कायमचं राहायचं नाही हा तिचा. शेवटी म्हणाली, "पाडव्यापर्यंत राहून बघते." मी मनात म्हटलं, ये तर खरी.

ती आली आणि संडास बोलायला लागला.

बादलीभर पाणी ओतलं की शेजारच्या न्हाणीच्या जाळीतून असा गुडगुडाट उठायचा, की बाहेरच्या खोलीतला पाहुणा चहाचा कप खाली ठेवायचा. मागोमाग वास. कौलारू घरात आमच्या आतल्या भिंती अर्ध्यावरच थांबतात, वर सगळं मोकळं. त्यामुळे कोण कधी गेलं ते अख्ख्या घराला कळायचं. आई लाजेने अर्धी झाली. थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं, ती पाणीच प्यायचं टाळतेय. विचारलं तर "तहान नाही गो." मला तिचा राग आला, संडासाचा आला आणि सगळ्यात जास्त नवऱ्याचा आला, कारण पाइपांची आखणी त्याची.

नवऱ्याने मोबाइलवर व्हिडिओ पाहून रोगाचं निदान केलं. पाणी खाली जाताना त्याला मागून हवा लागते. ती मिळाली नाही की ते न्हाणीच्या जाळीतून ओढून घेतं, म्हणून गुडगुड. तेव्हा संडासाच्या पाइपाला एक उभा पाइप जोडायचा आणि तो थेट कौलांच्या वर काढायचा. हवा वरून येईल, वास वरच्या वर जाईल. "एका रविवारचं काम आहे," तो म्हणाला. या वाक्यावर लग्न झाल्यापासून मी एकदाही विश्वास ठेवलेला नाही.

रविवारी तो शिडी लावून चढला आणि खाली चाळ जमली. आमच्या चाळीत कोणी कौलांवर चढलं की सल्ला द्यायला निमंत्रण लागत नाही. त्याने एक कौल काढलं, त्या जागी मधोमध भोक पाडलेला पत्र्याचा तुकडा बसवला, भोकातून पाइप वर काढला, कडेने डांबर फासलं आणि ऐटीत वरून बादली ओतली. सगळं पाणी माझ्या गादीवर. पत्रा वरच्या कौलाखाली आणि खालच्या कौलावर यायला हवा होता. याने तो दोन्हींच्या खाली सारला होता. "अरे, उतार तरी बघ," मी ओरडले. तो उतार बघायला वळला आणि कौल फुटून त्याचा एक पाय स्वयंपाकघरात आला.

खाली आई तांदूळ निवडत बसली होती. छतातून जावयाचा पाय उतरताना बघून तिने आधी पदर सावरला, मग ताट बाजूला घेतलं आणि पायाला उद्देशून अदबीने विचारलं, "जावईबापू, लागलं का?"

मी ओट्याला धरून हसले. वरून आवाज आला, "नाही आई, तुमचं चालू द्या."

पण संध्याकाळी पाणी ओतलं तर जाळी चूप. वास नाही. कौलांवर हातभर पाइप दिमाखात उभा. आईने अंगणातून बघून विचारलं, "हा कशाचा गो?" संडासाचा पाइप देवाच्याही डोक्यावर गेलाय, हे तिला सांगायची माझी छाती झाली नाही. म्हटलं, "वाऱ्याचा आहे. घरात हवा खेळते." ते खोटंही नव्हतं. त्या दिवसापासून ती पाणी प्यायला लागली आणि माझा जीव भांड्यात पडला.

पाडव्याला सकाळी मी श्रीखंडाच्या गडबडीत, नवरा कडुलिंब आणि हार आणायला बाजारात. आमची गुढी दर वर्षी खिडकीच्या गजाला, शेजारच्या पत्र्याआड अर्धी लपलेली. आईला ते बघवेना. गुढी कशी, रस्त्यावरून दिसली पाहिजे. तिने शेजारच्या काकांना हाक मारली, शिडी होतीच. मी हात पुसत बाहेर आले तर वाऱ्याच्या पाइपाला माझी जरीची साडी नेसवलेली, साखरेची गाठी लटकलेली आणि वर तांब्याचा तांब्या पालथा, कापड कोंबून घट्ट बसवलेला. आई हात जोडून उभी. इतकी आनंदात मी तिला बाबा गेल्यानंतर पाहिलीच नव्हती.

तेवढ्यात गुढी बघायला आलेल्या शेजारच्या काकू आमच्या संडासात गेल्या. घरातून जो गुडगुडाट उठला, तसा त्याआधी कधीच उठला नव्हता. हार घेऊन आलेल्या नवऱ्याने एकदा वर बघितलं आणि कपाळावर हात मारला. "तांब्या काढा तो."

"दिवस कलल्याशिवाय गुढी उतरवत नाहीत," काका म्हणाले. "मी उभारलीय, मी नाय उतरवणार."

आईचा चेहरा उतरला. "पुन्हा सुरू झालं वाटतं," ती हळूच म्हणाली. "असू दे. मी उद्या गावी जातेच आहे." मग मात्र मला राहवलं नाही. पाइप कशाचा ते मी तिला सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

तिने वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे मी संडासाला साडी नेसवली?"

कोणी हसायचं धाडस करेना. मग तीच हसायला लागली, पायरीवर बसली, डोळे पुसत हसली, आणि काकांना म्हणाली, "उतरवू नका. जागा बदला. देवाला सगळं कळतं, माझ्या पोटाला कळत नाही."

काकूंनी कपडे वाळत घालायची काठी आणली. नवरा कौलांवर, काका शिडीवर. साडी, गाठी, तांब्या असं सगळं त्यांनी पाइपावरून काठीवर घेतलं आणि काठी क्षणभरही आडवी न करता शिडीच्या टोकाला बांधली. खाली चाळ टाळ्या वाजवत होती.

आई आत गेली. आम्ही सगळे निर्लज्जपणे कान देऊन उभे. पाणी ओतल्याचा आवाज आला आणि पुढे काहीच नाही. ती बाहेर आली, हात धुतले आणि मला म्हणाली, "पुढच्या वर्षी जावईबापूंना चांगली कळकाची काठी आणायला सांग."

"पुढच्या वर्षी?" मी विचारलं.

"मग काय, दर वर्षी संडासावरच उभारायची?"

मी पुऱ्या तळायला आत पळाले, कारण मला रडू येत होतं आणि तेल तापलं होतं.