वजन न केलेला पेढा

आमची सुहासिनी भातसुद्धा काट्यावर तोलून वाढते, असं मी चारचौघांत चिडवायचो. नोकरीच तशी तिची. इथे परदेशात आम्ही राहतो त्या अर्विंग गावाहून अर्ध्या तासावर एक संशोधन केंद्र आहे, तिथल्या स्वयंपाकघरात ती आहारतज्ज्ञ. मी रिटायर्ड नवरा, आणि तिचा ड्रायव्हर. बाईसाहेबांना फ्रीवेची भीती वाटते ना!

तिथे धडधाकट माणसांना साठ दिवस पलंगावर झोपवून ठेवतात, डोक्याकडची बाजू जरा खाली. उठायचं नाही, जेवणसुद्धा आडव्यानंच. अंतराळात वजन उरलं नाही की स्नायूंना काम राहत नाही, ते रक्तातली साखर नीट उचलत नाहीत, आणि इन्सुलिन असून नसल्यासारखं होतं. त्याचा अभ्यास जमिनीवर असा करतात. खाणं ग्रॅमवर, ताटात घास उरता कामा नये, बाहेरचं काही चालणार नाही.

यंदा त्यांच्यात सौमित्र होता. मूळ पुण्याचा, पस्तिशीचा. वडील मधुमेहानं गेलेले. त्याची स्वतःची साखर मात्र अगदी नॉर्मल, म्हणून तर घेतला. "काकू, किती दिवस नुसतं घाबरत राहायचं? एकदा बघूनच टाकतो," असं हिला म्हणाला होता.

संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी हिनं घरच्या गणपतीपुढचा पेढा गुपचूप त्याच्या हातावर ठेवला. त्यानंही कपाळाला लावून खाल्ला. पुढच्या सकाळी त्याची टेस्ट झाली. साखर आणि इन्सुलिन, दोन्ही बाकी सगळ्यांपेक्षा वर!

संध्याकाळी गाडीत बसली तीच पांढरीफटक. "अहो, मी पेढा दिला त्याला."

"पेढा? अगं, चिमूटभर मीठ मोजणारी बाई तू!"

"प्रसाद होता हो. प्रसादाचं कुणी वजन करतं का?"

मी असा भडकलो की विचारू नका. नोकरी जाईल, सगळा अभ्यास वाया जाईल, त्या पोराचं काही बरंवाईट झालं तर? ओरडत होतो खरा, पण त्या नादात घराचं वळणही चुकलो. "कुणाला बोलू नकोस," असंही म्हणून गेलो. आज लाज वाटते.

तिनं माझं ऐकलं नाही. सकाळीच जाऊन अभ्यासाच्या प्रमुख डॉक्टर नैनांना सगळं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, चांगलं खडसावलं, आणि म्हणाल्या, "एका पेढ्यानं एवढं होणार नाही असं वाटतं. चार दिवसांनी पुन्हा टेस्ट करू."

ते चार दिवस! साखर उतरली तर दोष हिचा. नाही उतरली तर बापाचा आजार पोराच्या अंगात. तिथे ती त्याचं ताट दोनदोनदा तोलायची, घरी स्वतः जेवायची नाही. मीही तिला जेव म्हणालो नाही, दोघांची ताटं झाकून ठेवायचो.

पाचव्या दिवशी ती बाहेर आली, गाडीत बसली, पण बेल्ट लावेना.

"वाढलीय. आधीपेक्षाही."

मी मूर्खासारखा बोललो, "म्हणजे तुझी चूक नव्हती तर!"

"माझीच असती तर किती बरं झालं असतं हो!" ती म्हणाली. "उद्या त्याला अभ्यासातून काढून उभं करतायत. चालायला लागलं की बहुतेकांची साखर उतरते म्हणे."

"मग झालं तर."

"बहुतेकांची," ती म्हणाली, आणि रडायला लागली.