खुणा जुळाक नायत

मी सायन्सची पदवीधर, आमच्या घरातली पहिलीच. गावात कोणी देवचाराच्या, भुताखेतांच्या गोष्टी सुरू केल्या की मी सरळ उठून जायचे. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतो आहे...

कोल्हापुरातल्या एका हॉस्पिटलात मी रेडिएशनचं मशीन चालवते. प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या पेशंटच्या ग्रंथीत तांदळाच्या दाण्याएवढे सोन्याचे तीन तुकडे बसवलेले असतात. ग्रंथी आत रोज थोडी सरकते. म्हणून आधी स्कॅन काढायचा, ते तुकडे ठरलेल्या जागी जुळवायचे, मगच किरण सोडायचे.

हे मी एकदा बाबांना सांगितलं होतं. ते मालवणजवळ मासेमारी करायचे. समुद्रातून पाहताना देवळाचा कळस डोंगरावरच्या वडाखाली आला, खुणा जुळल्या, की खडक चुकवून होडी आत घ्यायची, हे त्यांचं गणित. ऐकून हसले. "म्हणजे माझोच धंदो करतंस गो बाय."

तेव्हा त्यांना लघवीचा त्रास सुरू झालेला होता. बोलले नाहीत. मला कळलं तोवर तोच कॅन्सर हाडांत उतरला होता. आई नंतर म्हणाली, "लेकीक ह्या कसा सांगू, म्हणान गप रवले."

ते गेले त्याला वर्ष होत आलं होतं. भर दुपारी टेबलावर आमच्याच जिल्ह्यातल्या तळेऱ्याचे एक आजोबा झोपले होते. स्कॅन जुळला. मी बाहेरच्या खोलीत बटणाकडे हात नेला आणि आतल्या खोलीच्या स्पीकरवरून आवाज आला — बाबांचा.

"बाय, खुणा जुळाक नायत."

कॅमेऱ्यात पाहिलं. आजोबांचे डोळे मिटलेले, ओठ बंद. शेजारच्या सहकाऱ्याला काहीच ऐकू आलं नव्हतं. तरी डॉक्टरांना विचारून पुन्हा स्कॅन घेतला. मधल्या दोन-चार मिनिटांत पोटातल्या वायूने ग्रंथी जवळजवळ सेंटिमीटरभर ढकलली होती. आजोबांना उठवलं, थोड्या वेळाने सगळं नव्याने जुळवलं, मग उपचार दिला.

नंतर मी त्यांना विचारलं. "मी खंय बोललंय?" ते म्हणाले. "तूच सांगलंस ना, गप पडान रव."

वायूने ग्रंथी सरकते, हे आम्हाला शिकवलेलंच आहे. आवाज कुठून आला, ते मात्र अजून कोणी सांगू शकलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, दमली आहेस, रजा घे. मी घेतली नाही.

भीती वाटत नाही. रडू येतं ते वेगळ्याच गोष्टीचं... परक्या माणसासाठी बोललात, बाबा. स्वतःसाठी एकदा बोलायचं होतं.