पवारसरांची गाडी आणि सल्लागार मंडळी

शाळेच्या स्टाफरूममध्ये किस्से गोळा करावे लागत नाहीत. डबे उघडले की भाजीबरोबर तेही बाहेर पडतात! त्यातून कुणाला गाडी घ्यायची असेल तर विचारूच नका. ज्याला सायकलची चेन बसवता येत नाही, तोसुद्धा इंजिनावर बोलतो. आमच्या कुंडलच्या शाळेत मी मराठी शिकवते. गणिताच्या पवारसरांची जुनी गाडी गेली आणि दुसरी दारात आली, तेवढ्या काळातलं हे सगळं.

*

जुनी गाडी पलूसच्या नाक्यावर बंद पडली. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, बराच वेळ आत बघितलं आणि फडक्याला हात पुसले.

"खर्च किती येईल?" सरांनी विचारलं.

"सर, तुमी मास्तर मानूस, तुमास्नी फसवत न्हाई. ह्यात जित्तं हाय ते फकस्त पासिंग. आन् तेबी पुढल्या म्हयन्यात संपतंय!"

स्टाफरूममध्ये हे ऐकून आम्ही हसलो. सर नाही हसले, कारण गाडी त्यांची असली तरी गरज त्यांच्या बायकोची, सुनंदावहिनींची होती. अपघातानंतर वहिनींच्या पायांत बळ राहिलं नाही, त्या चाकाच्या खुर्चीवर असतात. पलूसला गाळा भाड्याने घेऊन शिवणक्लास चालवतात. रोज सकाळी हातांवर जोर देऊन स्वतः सीटवर सरकायच्या, खुर्ची घडी होऊन डिकीत जायची, आणि सर त्यांना सोडून शाळेत यायचे. गाडी बंद, तर क्लासही बंद. गाळेमालकाने निरोप धाडला होता, महिनाअखेरपर्यंत उघडला नाहीत तर गाळा मोबाईलवाल्याला देतो.

रिक्षा होती की. पण रिक्षात दोघांनी उचलून ठेवावं लागतं. वहिनींनी एकाच वाक्यात विषय मिटवला. "मी काय साखरेचं पोतं हाय व्हय?"

*

मग सल्ले सुरू झाले. प्रत्येकाने स्वतःकडे आहे तीच गाडी सुचवली. पी.टी.चे जाधवसर मिलिटरीतून रिटायर होऊन शाळेत आलेले. ते म्हणाले, "सर, गाडी म्हणजे जवान. आधी पळवून बघायचा, मग भरती!"

आणि खरंच, पुढे त्यांनी जी जी गाडी बघितली, तिला कोयनानगरचा घाट चढवून आणायची अट घातली. विकणारे हबकायचे. एकाने हात जोडले. "सायेब, माजी गाडी आजवर विट्याच्या पुढं गेली न्हाई. तिला घाट दावू नगासा!"

*

सांगलीच्या एका शोरूममध्ये नवी गाडी बघायला गेलो. एसी, कोल्ड कॉफी, टाय लावलेला पोरगा. त्याने सात वर्षांचा हप्ता काढून दाखवला. "बघा सर, महिन्याला किती कमी!"

पवारसरांनी त्याच्याच माहितीपत्रकाच्या मागे आकडेमोड केली. व्याज किती, विमा किती, आणि न सांगता घुसवलेली ॲक्सेसरीज किती. पोरग्याने ते वाकून बघितलं. मग मॅनेजर लांब असल्याची खात्री करून हळूच म्हणाला, "सर, मीपण हप्त्यावर गाडी घेतलीय. तेवढं माझंबी बघता का?"

त्याचंही बघितलं. पोरगा फसला होता!

*

नवी परवडणार नाही हे तिथेच ठरलं. मग कोरेगावला एक जुनी गाडी कळली. मालक बागायतदार, गाडी चकचकीत, किंमत बजेटात. जाधवसरांनी टायर दाबले, खाली वाकून बघितलं, घाटाचा विषयही काढला. तेवढ्यात मालक म्हणाले, "आदी जेवान. वेव्हार काय पळून चाललाय?"

आणि तिथेच आम्ही फसलो. बाजरीची भाकरी, तांबडा रस्सा, ताटात आग्रहाचं वाढप. आमच्या भागात एकदा घरात जेवलात की किमतीत घासाघीस करायला तोंड उरत नाही. जाधवसर तर तीन भाकऱ्या खाऊन बसलेले!

मालक बोलतील ती किंमत सर देणार, एवढ्यात मी सहज डिकी उघडली. आत सीएनजीचं सिलिंडर पसरलेलं. खुर्ची सोडा, दप्तर मावलं नसतं. आम्ही मेकॅनिक नेला होता, नारळ नेला होता, पेढेसुद्धा नेले होते. खुर्ची मापाला न्यायचं एकालाही सुचलं नव्हतं.

आता जेवल्या घरी नाही कसं म्हणायचं? जाधवसरांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "गाडी एक नंबर हाय, पन आज अमावस्या हाय."

मालकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. त्या दिवशी पौर्णिमा होती.

*

शेवटी कराडला मोठ्या डिकीची एक जुनी गाडी मिळाली. या वेळी खुर्ची घालून बघितली. राहिलं कर्ज. आमच्या पतसंस्थेला दोन जामीनदार लागतात. पवारसर अर्ध्या स्टाफला जामीन, पण त्यांना द्यायला कुणी मोकळंच नाही. सगळे आधीच एकमेकांत अडकलेले! एक मी निघाले. दुसरे मोकळे होते ते फक्त हेडमास्तर, कारण त्यांनी आयुष्यात कुणाला जामीन दिलाच नव्हता.

त्यांनी चष्मा लावून विचारलं, "गाडी कशासाठी?"

"सुनंदाचा क्लास बंद पडलाय, सर."

हेडमास्तरांनी न वाचता सही केली! आम्ही थक्क. दुसऱ्या दिवशी डबा खाताना म्हणाले, "मेव्हणीचं लग्न आलंय. आमच्या हिचे तीन ब्लाऊज त्या गाळ्यात अडकलेत. घरात बसवत नाही हो!"

*

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी गाडी दारात आली. त्याच दिवशी क्लास उघडायचा होता. वहिनींनी खुर्चीत बसून गाडीला ओवाळलं. जाधवसर ओरडले, "चला, मारुतीला नारळ!" पवारसर स्टिअरिंगवर, हेडमास्तर पुढे, मागे मी, जाधवसर आणि इंग्रजीच्या कुलकर्णीबाई. गाडी भरली, हॉर्न वाजला, निघालो.

मारुतीपुढे नारळ फुटला. गुरवाने पेढा हातात घेतला आणि इकडेतिकडे बघत विचारलं, "मालकीनबाई कुटं हायत्या?"

पवारसर तसेच गाडीकडे धावले. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परत आलो तर दाराला कुलूप, पायरीवर ओवाळणीचं ताट. पलूसच्या रस्त्याने गाडी काढली. उसाच्या फडांमधून वहिनी खुर्ची हाकत चालल्या होत्या, गळ्यात टेप, दोन्ही हात चाकांवर. पवारसरांनी काच खाली केली. "अगं, थांब की. बस."

"क्लासची येळ झालीया," वहिनी म्हणाल्या आणि थांबल्या नाहीत.

गाडी त्यांच्यामागे खुर्चीच्या वेगाने चालली. मागून ट्रॅक्टरवाले हॉर्न मारत होते. आधी जाधवसर उतरले आणि मुकाट्याने चालू लागले. मग मी उतरले, मग कुलकर्णीबाई. शेवटी हेडमास्तरही पुढचं दार उघडून खाली आले.

वहिनींनी खुर्ची थांबवली. वळून आधी आमच्याकडे बघितलं, मग गाडीकडे.

"झाली का जागा?"