जंगलातली नको, फ्लॅटमधली द्या

मंडळी, आजवर मी भुताखेताचं पुस्तक कधी हातात धरलं नव्हतं. आज सकाळी यवतमाळला गेली, तर ठरवलंच की एक भयकादंबरी घ्यायची.

दुकानदारानं दोन पुढे ठेवल्या. एक जंगलातली, दुसरी शहरातल्या उंच फ्लॅटमधली. जंगलातली मी लगेच परत सरकवली. आम्ही झरी जामणीचे, नवरा वनखात्यात. तो संध्याकाळी घरी येईस्तोवर माझा जीव तसाही टांगणीला असतो.

"फ्लॅटमधली द्या भाऊ," मी म्हटलं. "आमच्याकडे लिफ्टच नाही, तर भेव कायचं?"

परतीच्या एसटीत वाचायला घेतली. एकटी राहणारी पोरगी, आपोआप उघडणारी लिफ्ट. चार पानांत पुस्तक मिटलं. माझी पोरगी पुण्यात फ्लॅटवर एकटी राहते. फोन लावला, लागेना. पांढरकवडा येईपर्यंत लावतच राह्यली. खिडकीबाहेर काय गेलं, काही दिसलं नाही.

शेवटी तिचाच आला. "आई, कायले इतके फोन करून राह्यली? लिफ्टमध्ये अडकली होती मी. आता निघाली."

पुस्तक अजून पिशवीतच आहे. जिथं आपलं कोणीच राहत नाही, अशा जागेची एखादी भयकादंबरी असेल तर सांगा.