सात बापांची नावं

असिलकान आमच्याच जिन्यात, तिसऱ्या मजल्यावर राहते. मी दुसऱ्या. एकोणीस वर्षांपूर्वी ती सून म्हणून आली, तेव्हा तिच्या डोक्यावर रुमाल मीच सारखा केला होता. कागदोपत्री नोकरी तिच्या नवऱ्याची, इशेनबेकची. काम मात्र तिचं. अक-चुंकुरच्या हिमतळ्यावर एक सर्व्हर बसवला आहे. तो पाण्याची पातळी मोजतो आणि धोक्याची रेघ ओलांडली की खालच्या गावात भोंगा वाजवतो. ते गाव असिलकानचं माहेर.

त्या सर्व्हरवर घरूनच शिरायचं. त्यासाठी कॉम्प्युटरात एक किल्ली असते, आणि किल्लीला परवलीचं वाक्य. ते एकदा दिलं की मागे एक राखणदार प्रोग्राम किल्ली उघडी धरून बसतो; मग दिवसभर कुणी काही विचारत नाही. कॉम्प्युटर बंद पडला की राखणदार सगळं विसरतो. वीज जाऊन आली की इशेनबेक खुर्चीत बसायचा, वाक्य टाकायचा आणि बाजारात गप्पा मारायला निघून जायचा. वाक्य म्हणजे त्याच्या सात बापांची नावं: बाप, आजा, पणजा, अशा वरच्या सात पिढ्या. टाकताना तो पुटपुटायचा, म्हणून असिलकान स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायची. सासरच्या थोरांची नावं सुनेने घ्यायची नाहीत, ऐकून लक्षात ठेवायची नाहीत. तिची सासू सायराकान तर आणखी कडक. तिच्या नवऱ्याच्या नावात लोखंड होतं, म्हणून लोखंडी वस्तूचंही नाव न घेता ती पन्नास वर्षं सुरीला 'कापणारी' म्हणत आली.

मंगळवारी भोंग्याचा कर्णा बदलायचा होता, म्हणून असिलकानने भोंगा मुका केला. नवा कर्णा बसला, पण भोंगा पुन्हा बोलता करायच्या आत दुपारी इशेनबेक जिन्यातच कोसळला. मेंदूत रक्तस्राव. सगळे इस्पितळात धावले. बुधवारी दुपारी मी सूप घेऊन वर गेले, तर असिलकान फोन हातात धरून उभी होती. तळ्याच्या पातळीचा आकडा, सेंटिमीटरमध्ये, दर दहा मिनिटांनी फोनवर येतो, नुसता बघायला.

"एजे, तीनशे अठरा," ती म्हणाली. मी तिला थोरल्या बहिणीसारखी, म्हणून एजे. "तीनशे चाळीसला वाजायला हवा. आणि मी तो मुका करून ठेवलाय."

"मग बोलता कर की!"

तिने कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. पडदा काळा. प्लग जमिनीवर.

"मी काढला," सायराकान आपा दिवाणावरून म्हणाल्या. "माझा मुलगा मरणाच्या दारात, आणि हे गुरगुरतंय. कुणाला कौतुक त्याचं?"

असिलकानने माहेरी फोन लावला. भावाचा बंद, सरपंचाचा बंद. टॉवरच पडला होता; सर्व्हरचं तेवढं उपग्रहावर चालायचं. सर्व्हर बसवणाऱ्या कचेरीत लावला. मी शेजारीच होते, पलीकडचा आवाज ऐकू येत होता: "करार तुमच्या नवऱ्याच्या नावावर आहे, बाई. त्यांना फोन द्या."

"ते शुद्धीवर नाहीत."

"मग शुद्धीवर आले की करा फोन."

निघून जायचं तर गाव साडेपाच तासांवर. सात नावं इशेनबेकच्या काकांना विचारायची तर ते कुरणावर, तिथे फोन लागत नाही. तीनशे पंचवीस.

असिलकान सासूच्या पायाशी बसली. "आपा, सात नावं सांगा."

"वेडी झालीस? मी? त्यांची?"

"माझी आई आहे तिथे. तुमची विहीण."

"तुझ्या आईने एकोणीस वर्षांत एकदा तरी चहाला बोलावलंय मला?"

"आपा!"

इतका मोठा आवाज तिचा मी कधी ऐकला नव्हता. मी प्लग लावला, पडदा उजळला. म्हातारी उठली, खुर्चीत जाऊन बसली. "तोंडाने नाही सांगणार. बोटाने दाबते. बोटाला जीभ नसते."

एका बोटाने ती एकेक अक्षर शोधत राहिली. पडद्यावर काहीच उमटत नव्हतं. परवलीचं वाक्य दिसत नसतंच. "मी टाकतेय की नाही?" ती दर नावाला विचारायची. शेवटी असिलकानने बटण दाबलं. चूक. पुन्हा, अधिक सावकाश. चूक. मग उलट्या क्रमाने, वरून खाली. चूक. तीनशे चौतीस.

असिलकान भिंतीला डोकं टेकून उभी राहिली. "मी नळ सोडायचे," ती म्हणाली. "मूर्खासारखी नळ सोडायचे."

म्हातारी हळूच म्हणाली, "तो मोजायला कुठून सुरुवात करेल? स्वतःच्या बापापासून? मी त्याला ओळखते. ज्याने त्याला बाप केलं त्याच्यापासून करेल. ते पहिलं तू टाक. ते तुझं."

असिलकानला एक मुलगा झाला होता, अकरा दिवसांचा होऊन गेला. नऊ वर्षांत त्याचं नाव त्या घरात कुणी घेतलं नव्हतं. तिने खुर्चीच्या मागूनच हात पुढे केला आणि चार बटणं दाबली. एमिर. मग म्हातारीने एका बोटाने सात.

राखणदाराने किल्ली घेतली.

दोन ओळी टाकून तिने भोंगा बोलता केला. तीनशे एकोणचाळीसला आकडा थांबल्यासारखा वाटला, मग फोनवर तीनशे सेहेचाळीस आला. भोंगा वाजला असं सर्व्हर सांगत होता. कुणी ऐकलं का, हे तो सांगत नव्हता. आम्ही तिघी तशाच बसून राहिलो. सूप गार झालं.

संध्याकाळी भावाचा फोन आला, कुठल्याशा टेकडीवरून. "कोण बोंबलवतंय तो भोंगा? आई एका पायात चप्पल घालून वर चढलीये, शिव्या देतेय सगळ्यांना. खालचा पूल गेला बघ."

असिलकान "बरं" म्हणाली आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात गेली. नळ सोडला. बराच वेळ सोडून ठेवला.

इशेनबेक शुक्रवारी गेला. करार अजून त्याच्याच नावावर आहे. बदलायला कचेरीवाले त्याची सही मागतात. वीज गेली की दोघी कॉम्प्युटरपाशी जातात, सून उभी, सासू खुर्चीत. वाक्य बदलून सोपं कर, असं मी एकदा सुचवलं.

"तुला काय जड जातंय?" सायराकान आपा म्हणाल्या. "ती कापणारी दे इकडे, कांदा राहिलाय."