कमरेचा पट्टा आणि दारातली पालखी

शिमग्यात ग्रामदेवीची पालखी दारात येते, त्या दिवसाची सगळी वाडी वाट पाहत असते. यंदा मात्र पालखीनं आमचं घर चुकवावं असं मला वाटत होतं. देवभोळा म्हणून ओळखला जाणारा मी, हे कुणाला सांगणार? बायको म्हणाली होती, "मी देवीची ओटी उभ्यानं भरणार." आणि तिला उभी करायची मला भीती वाटत होती.

पावसाळ्यात तिची डावी बाजू लुळी पडली. बोलणं शाबूत राहिलं. रत्नागिरीला व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी कड्या असलेला रुंद पट्टा दिला. रुग्णाला उठवताना तो कमरेला बांधायचा. सगळं करूनही दाखवलं. घरी येऊन मी तो कपाटात टाकला. माणसाला गुरासारखं दाव्याला बांधायचं, तेही चारचौघांत, हे मला पटेना. आमच्याकडे आजाऱ्याला बखोटीला धरून उठवतात, तसंच मीही करत राहिलो. एका सकाळी घाईत तिचा लुळा हात धरून ओढला. खांदा निखळला, ती खाली पडली. डॉक्टरांना मी सांगितलं, पाय घसरला. तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. खांदा बरा झाला, पण त्यानंतर मी तिला उभी केलीच नाही. भावाला बोलावून दोघं मिळून उचलायचो आणि चाकाच्या खुर्चीत ठेवायचो.

पालखी आली. अंगणात टेकवताना एक मुंबईकर भोई अडखळला, तसा जुना भोई त्याच्यावर खेकसला, "हातानं ओढतोस काय रे? अंगाजवळ घे, गुडघ्यात वाक. आणि सांगितल्याबिगर हलू नको."

मी जागच्या जागी थांबलो. रत्नागिरीच्या त्या बाईंनी मला हेच सांगितलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. ओसरीवर खुर्चीत बसलेल्या बायकोनंही ते ऐकलं.

"अहो, पट्टा आणा. भोयांनीसुद्धा कंबर बांधलीय."

पट्टा आणला. लुगड्यावरून कमरेला बांधला, दोन बोटं जातील इतपत घट्ट. खुर्चीचे ब्रेक लावले. तिला पुढच्या कडेला सरकवून पावलं जमिनीला टेकवली. तिच्या डाव्या अंगाला उभा राहिलो, तिच्या गुडघ्याला माझा गुडघा लावला, पट्ट्याची कडी खालून धरली.

"पुढे झुक. मी सांगितलं की उठ."

"तुम्ही नका सांगू. मी सांगते." जरा थांबली आणि म्हणाली, "हं, उठते."

मी उचललं नाही, नुसता तोल धरला. ती उभी राहिली.

"वहिनी, पालखी नाचवायला येताय काय?" कुणीतरी विचारलं.

"पुढच्या वर्षी येईन, भावजी. यंदा हे मलाच नाचवतायत."

भावजयीनं ताट धरलं, बायकोनं उजव्या हातानं ओटी भरली. मानकऱ्यांनी आमच्या वतीनं देवीला गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली, "हिच्या हातून काय चूकभूल झाली असेल..."

"चूक तिची नाही," मी म्हणालो. "खांदा माझ्या ओढण्यानं निखळला. ती घसरली, हे मी खोटं सांगितलं."

ढोलवाला माझ्याकडे बघत राहिला. मानकरी शांतपणे देवीकडे वळून म्हणाले, "ह्या तुझ्या लेकरानं बायकोचा हात ओढला आणि खोटं बोलला, ते त्यानं आज तुझ्या पायाशी ठेवलंय. पदरात घे, आणि दोघांना सांभाळ."

"होय महाराजा," सगळे रिवाजाप्रमाणे म्हणाले. त्यांत तिचाही आवाज होता.

भोयाच्या तोंडून त्या वेळी तेच शब्द का निघाले, हे मी शोधत बसत नाही. आले, आणि माझ्या कामी आले, एवढं मला पुरे. देवीवर भार टाकणं म्हणजे हात सोडून बसणं, अशी माझी समजूत होती. त्या दिवशी कडीवरची माझी पकड घट्ट होती, पण उभी राहिली ती आपल्या पायांवर. आता रोज सकाळी पट्टा बांधतो, कडी धरतो, आणि ती "उठते" म्हणेपर्यंत थांबतो.