लाल टॅग पाहून थांबलेला गुंड

नूरुद्दीन बावीस वर्षं सौदीतल्या जुबैलच्या कारखान्यांत उंचावरच्या कामासाठी परांच्या बांधतो आहे. तिथला नियम साधा. परांचीला तपासणीचा हिरवा टॅग असेल तर चढायचं, लाल असेल तर साक्षात फरिश्ता वरून हाका मारू दे, पाय उचलायचा नाही.

अशा या माणसाने मुंबईवर कादंबरी लिहिली! मुंबई त्याने पाहिली ती विमानतळाला जाता-येता टॅक्सीच्या काचेतून. पण हौसेला मोल नसतं. कामगारांच्या कॅम्पमधल्या खाटेवर बसून दोन वर्षांचे सुट्टीचे शुक्रवार त्याने गल्ल्या, गुंड आणि प्रेमप्रकरणं रंगवण्यात घालवले. पुस्तक छापून झालं आणि नवाच ध्यास लागला: गावच्या सार्वजनिक वाचनालयात ते लागलं पाहिजे. पोरवयात तिथल्या शहरी कादंबऱ्यांचं अख्खं कपाट त्याने फस्त केलं होतं. त्याच कपाटात आपलं नाव!

बायको शरफुन्निसा पुस्तक देऊन आली. ग्रंथपाल अमिताताई शेवटच्या प्रकरणाला अडल्या. गुंडाच्या मागे पोलीस, समोर इमारतीची परांची, चढला की सुटला. पण गुंडाला लाल टॅग दिसतो, तो थांबतो आणि पकडला जातो.

कॅम्पात हे कुणालाच खटकलं नव्हतं. वेल्डर वैभव तर म्हणाला होता, "लाल असताना चढला असता, तर मी पुस्तक फेकून दिलं असतं."

वाचनालयाचा निर्णय कळायच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत शरफुन्निसाचा फोन आला. नूरुद्दीनच्या हातातला खजूर चहात पडला.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, असा कुठला गुंड टॅग वाचतो? शेवट बदलायला सांगा."

"मग?"

"मग मी म्हटलं, अमिताताई, माझा माणूस बावीस वर्षं टॅग वाचतोय, म्हणून दर सुट्टीला दोन पायांवर चालत घरी येतोय. तो गुंड तुरुंगात गेला, पण जिता राहिला ना? त्याचीही कोणी वाट बघत असेल."

"आणि?"

"त्यांनी रजिस्टर उघडून पुस्तक दाखल करून घेतलं. पहिली वाचक म्हणून मीच ते घरी आणलंय. अहो, रडताय काय?"

तो रडत होता, हसत होता आणि बाकावर उभा राहून ओरडत होता. वैभव आणि आणखी चौघांनी त्याला खांद्यावर उचलून मेसभर नाचवलं.

"अरे, खाली उतरवा!" नूरुद्दीन घाबरून किंचाळला. "हिरवा टॅग कुठे लावलाय तुम्हाला?"